हसऱ्या मडमची नक्कल

शिरूर, ५ जानेवारी १९५८

आज उपासनेनंतर पंचांच्या सभेत मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणं ते अंगाशी आलं.

मिशनच्या बंगल्यातल्या ग्रीव्ह मडम कायमच्या अमेरिकेला निघाल्या. बंगला रिकामा होणार, आणि जेवणघरातलं तैलचित्र त्यांच्याबरोबर जाणार. साठसत्तर वर्षांपूर्वीची कुणी मडम टेबलाशी बसली आहे, हातात चहाचा कप, आणि कुणीतरी नुकतंच काहीतरी वाह्यात बोललं असावं अशी हसते आहे. तिचं नाव चौकटीवर होतं, ते वाळवीनं खाल्लं. सगळे तिला हसरी मडम म्हणतात. आमची मुलींची शाळा तिनं काढली म्हणे. एप्रिलात शाळेची ज्युबिली आहे, तेव्हा तिच्या चित्राची नक्कल हॉलमध्ये लावावी असं कुणीतरी सुचवलं. पाळक एलियासाहेब म्हणाले, चित्रकार कुठून आणायचा? खिळा रिकामा दिसायला नको म्हणून तूर्त माझा फोटो लावू. फोटो तयारच आहे, चौकटीसकट.

त्यांचा तो फोटो मी पाहिला आहे. त्याखाली मुली प्रार्थनेला कशा उभ्या राहणार? मी उठून म्हटलं, "मी करते."

तीस वर्षं मुलींना ड्रॉइंग शिकवलं हे खरं. पण तीस वर्षं मडकं आणि पेरूच शिकवला. तैलरंगाचा ब्रश मी जन्मात हातात धरलेला नाही.

घरी येऊन वन्संना सांगितलं. वन्सं म्हणजे कृपाबाई, माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, बोर्डिंगच्या मेट्रन म्हणून सत्तावीस वर्षं मुलींच्या उवा आणि आत्मे दोन्ही साफ केले. यजमान प्रभूकडे गेल्यापासून आम्ही दोघी कंपाउंडातल्या या दोन खोल्यांत भांडत आणि हसत राहतो. वन्संनी माझं ऐकून घेतलं, मान खांद्यांत घातली, हनुवटीला तीन वळ्या पाडल्या आणि एलियासाहेबांच्या आवाजात म्हणाल्या, "प्रिय बंधुभगिनींनो, या खिळ्याकडं पाहा." मला हसून ठसका लागला. मामलेदार, ग्रीव्ह मडम, एसटीचा कंडक्टर, कुणीही सांगा, वन्संच्या तोंडावर तो माणूस येऊन बसतो.

९ जानेवारी

दर गुरुवारी तासभर बंगल्यात जाऊन चित्र पाहायची परवानगी मिळाली. चित्र दारावर उंच टांगलेलं, जेवणघरात उजेड विहिरीतल्याइतका. स्टुलावर चढून मान मोडेपर्यंत पाहिलं. ग्रीव्ह मडमनी त्यांची रंगांची जुनी पेटी दिली. ट्यूबांची टोपणं अडकित्त्यानं उघडावी लागली.

कापड पाहिजे होतं. दुकानातलं जाड मांजरपाट पसंत पडेना, म्हणून वन्संचा पांढरा पलंगपोस घेतला. न विचारता घेतला, कारण विचारलं तर नाही म्हणतील. लाकडी चौकटीवर ताणला, सरस आणि सफेदा फासला. वन्सं बाजारातून आल्या, पाहिलं, आणि फक्त "बरं" म्हणाल्या. तोंडावर काही नाही. एरवी त्यांनी माझी दहा मिनिटं हजेरी घेतली असती. लागलेलं दिसतंय.

२४ जानेवारी

पंधरा दिवस झाले तरी रंग वाळत नाही. पेटीतली तेलाची बाटली रिकामी होती, तेव्हा मी घरचं शेंगदाण्याचं गोडेतेल घातलं. तेल ते तेल. आता हसऱ्या मडमच्या गालावर अकरा माश्या चिकटल्या आहेत आणि खालच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली आहे. मडम नव्हे, भज्याचं ताट झालंय.

घाण्यावर गेले. भिमाजी तेल्यानं सगळं ऐकून घेतलं, मग बैलाला थांबवून, तोही ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "आवो बाई, गोडंतेल कवा वाळतंय व्हय? जवसाचं न्या. गाडीच्या फळ्यांस्नी आमी जवसाचंच लावतो. चार दिसांत असं वाळतंय, नखानं निघत न्हाई." मग बैल पुन्हा हाकत, "शाळंत शिकवलं न्हाई का ह्ये?"

मी म्हटलं, शाळेत मीच शिकवत होते. "मंग बराबर हाय," तो म्हणाला.

सगळं खरवडलं. पुन्हा सफेदा.

२ फेब्रुवारी

जवसाचं तेल वाळतं. भिमाजीला उद्या गूळ पाठवायचा.

आठवड्यातून एक तास चित्र पाहून भागत नाही, म्हणून घरातच तशी मांडणी केली. खिडकीशी टेबल, त्यावर पांढरी चादर (यावेळी माझी), कप, आणि खुर्चीवर वन्सं. म्हटलं, त्या मडमसारखं हसायचं आणि तसंच ठेवायचं. नक्कल हा त्यांच्या हातचा मळ.

टर्पेंटाइनच्या वासानं शेजारची रतनबाई नाकाला पदर लावून तक्रार करून गेली. वन्सं म्हणाल्या, "कसला वास? मला तर काही येत न्हाई." इतक्या मोठ्या मनाच्या त्या एरवी नसतात. परवा डाळ करपली तेव्हाही शेजारी बसून काही बोलल्या नाहीत. मी त्यांची बाजू रतनबाईला ऐकवली.

६ फेब्रुवारी

आज बंगल्यात एक शोध लागला. पांढऱ्या टेबलक्लॉथवरची सावली काळी नाही, जांभळी आहे. आणि मडमच्या गालात, जिथं गाल मानेकडे वळतो तिथं, हिरवा आहे. सरळसरळ हिरवा. तीस वर्षं मी मुलींना सावलीसाठी पेन्सिल आडवी घासायला सांगितली. त्या सगळ्यांना पत्रं पाठवून माफी मागावी लागेल.

घरी तसं करून पाहिलं. चादरीची घडी एकदम उठून बसली. मी एकटीच नाचले. वन्संना म्हटलं बघा, तर त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झालंय." स्वर असा की कुणाच्या दहाव्याला आल्यात. ख्रिस्ती माणसाला दहावा नसतो, तरी.

१४ फेब्रुवारी

मॉडेल म्हणून वन्सं एका बाबतीत सोनं आहेत. पुतळ्यासारख्या बसतात, पापणीसुद्धा क्वचित हलते. पण डावा हात. मांडीवर ठेवला की तो आपोआप हलतो, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, गोळी वळल्यासारखा. मी ओरडले की कप उचलतात, कप धरला की हात शहाणा. खाली ठेवला की पुन्हा चाळे. मी चार वेळा तो हात रंगवला, चारही वेळा पुसला. मुद्दाम करतात अशी माझी खात्री होत चालली आहे.

आणि हसत नाहीत. "वन्सं, हसा." "हसतेय की." कुठं हसताय? तोंड असं, की त्यावर चटणी वाटावी.

पलंगपोसच डोक्यात आहे, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी

बाजारातून नवा पलंगपोस आणला, निळ्या काठाचा. वन्संनी घडी मांडीवर घेतली, हात फिरवला. "कशाला गं खर्च केलास," एवढंच. ना आनंद ना राग. मी हात जोडायचे तेवढे राहिले.

दुकानाची यादी आज त्यांनीच लिहिली. पहिल्या ओळीत "ज्वारी" नीट, आणि शेवटचं "काडेपेटी" इतकं बारीक की मुंगीनं वाचावं. बोर्डिंगचा हिशोब लिहिणारं टपोरं अक्षर कुठं गेलं? म्हटलं, कागद वाचवताय का? म्हणाल्या, व्हय.

२७ फेब्रुवारी

चित्र गेलं. खोक्यात भुसा भरून, ट्रकनं दौंड स्टेशनला, तिथून मुंबई, मग बोट. ग्रीव्ह मडम निरोपाला रडल्या, मंडळी रडली, एलियासाहेबांनी इतकी लांब प्रार्थना केली की ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

माझ्याकडे आता टेबल झालंय, कप झालाय, झगा झालाय, मागची भिंत आणि कपाटही झालंय. फक्त तोंड नाही. मानेवर एक गुळगुळीत भोपळा. आता आधार वन्संच्याच तोंडाचा, आणि त्या देत नाहीत. ज्युबिलीला सात आठवडे उरले.

२ मार्च

मंदिरात शेजारी उभ्या राहून वन्सं गात होत्या, आवाज माझ्यापर्यंतही आला नाही. पूर्वी त्यांच्या आवाजानं वळचणीची कबुतरं उडायची. घरी चालत येतानाही चार पावलं मागे, पाय घासत, एक हात लुगड्याला शिवल्यासारखा. मी थांबले की त्याही थांबत. साठीतल्या बाईनं रुसावं तरी किती?

९ मार्च

आज मी वाईट वागले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या बदलून सांगता येणार नाही.

सकाळपासून तोंड रंगवत होते, पुसत होते. "हसा," म्हणत होते. "हसतेय," असं त्या म्हणत होत्या. अकराव्या वेळी माझा तोल गेला. म्हटलं, "दोन महिने तोंड फुगवून बसलात, एका फडक्यासाठी! साऱ्या गावाच्या नकला करता, माझ्यासाठी एक हसू निघत न्हाई तुमच्याच्यानं?"

"मार्था, मी खरंच हसतेय."

मी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला. "बघा हे हसू."

त्यांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग डाव्या हाताची चुळबुळ उजव्या हातानं दाबून धरली आणि आत जाऊन निजल्या. दुपारी जेवल्या नाहीत.

१० मार्च

आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला आहे. मी तो सरळ केला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा उलटा.

१३ मार्च

दवाखान्यातले कंपाउंडर गिदोन टिंक्चर द्यायला आले. वन्सं अंगण ओलांडून येत होत्या, ते बघतच राहिले. मग म्हणाले, "मावशी, जरा इथं नाव लिवा." वन्संनी लिहिलं. गिदोननं कागद उजेडाला धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. उशीर नका करू."

आमच्या शाळेत चौथीपर्यंत मुलगेही असायचे, तेव्हा या गिदोनला मी दोनदा नापास केलं होतं. तेव्हापासून मोठा झाल्याचं दाखवायची संधी तो सोडत नाही. पण वन्सं "जाऊ या" म्हणाल्या. एसटीच्या वाऱ्यानं डोकं धरतं म्हणून पुण्याला जायला त्या कधी तयार नसतात. त्याचीच मला भीती वाटली.

१८ मार्च

पुणे. डॉक्टर तरुण, चष्म्याचे, हात धुतलेले. वन्संचा हात कोपरात वाकवून पाहिला. बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली. चालून दाखवायला सांगितलं. वास येतो का विचारलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली, येत नाही. दोन वर्षं! मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा हसून दाखवा."

वन्सं त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हसतेय मी, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान हलवली. "मला माहिती आहे," ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं. अर्ध्या तासात कळलं. मी तिथंच बाकावर बसले.

कंपवात. गोळ्या आहेत, थोडा फरक पडेल. जिवाला लगेच धोका नाही. पण हळूहळू चालणं, लिहिणं, बोलणं आखडत जाईल, तोंडावरच्या शिरा आधीच आखडल्या आहेत. आत सगळं तसंच असतं, फक्त बाहेर येत नाही, असं ते म्हणाले. "घरच्यांना वाटतं, माणूस रुसलंय."

मला बोलायला तोंड कुठं होतं?

१९ मार्च

रात्रभर झोप नाही. ही वही मागून वाचली. हात, अक्षर, वास, पावलं, सगळं मीच लिहिलंय, तारखेसकट. गालातला हिरवा दिसला मला. सावलीतला जांभळा दिसला. समोर बसलेलं माणूस दिसलं नाही. मला माझी लाज वाटते आणि ती इथं स्पष्ट लिहिते.

सकाळी वन्संसमोर रडायला बसले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे. चहा निवतोय." तोंड दगडाचं. आणि पुढं, त्याच दगडातून, "पलंगपोस मात्र चांगला होता हं माझा."

तो विनोद होता. कळायला मला तीन घोट लागले.

२३ मार्च

एलियासाहेबांना सांगून यायचं ठरवलं, की चित्र होत नाही, लावा तुमचा फोटो. वन्सं म्हणाल्या, "त्याच्यापेक्षा मरण बरं." मग म्हणाल्या, "आरसा सरळ कर. आता तू बस खुर्चीवर. नक्कल तू करायची. मी सांगते."

मी म्हटलं, मला येत नाही.

"मडकं आन् पेरू तरी कुठं येत होतं."

आरशात बघून मी हसले. "हे दात दाखवणं झालं," वन्सं म्हणाल्या. "हसू ओठांतून येत न्हाई, मार्था. आधी नाक. नाकपुड्या जरा रुंदावतात. मग डोळ्याखालची पिशवी वर चढते. मग गाल. ओठ सगळ्यांत शेवटी, नाइलाज झाला म्हणून. तू दोन महिने नुसते ओठ रंगवतीयेस."

अठ्ठावन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं, कुठं शिकलात? म्हणाल्या, रात्री बोर्डिंगात दिवा घेऊन फिरताना. मुली झोपेचं सोंग घ्यायच्या, तोंड मिटून. वन्सं त्यांना नाकावरून पकडायच्या.

२ एप्रिल

रोज दोन तास. त्या शेजारी बसून बारीक आवाजात सांगतात, मी आरशात करते, मग रंगवते. आधी पातळ रंग, वाळला की जाड. डोळ्याखाली थोडा तांबडा, त्याच्या बाजूला हिरवा. काल पिशवी वर चढली. आज नाक जागचं हललं. ब्रश बाजूला ठेवून मी वन्संना म्हटलं, बघा. त्या बराच वेळ बघत होत्या. हात हलत होता, मी ओरडले नाही.

"हे मडमचं न्हाई," त्या म्हणाल्या.

नाही. मडमचं हसणं मला आता आठवतही नाही. जे आठवतं ते वन्संचं. ते आता त्यांच्याकडून मिळायचं नाही, तेव्हा मी माझ्या तोंडावर आणून तिथून उचललं. झगा मडमचा, नाक माझं.

"पुसू का?"

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मलाही कुठंतरी ऱ्हायला पायजे."

मी आत जाऊन मग रडले.

६ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

एलियासाहेबांनी आज प्रभूला तासाभरानं उठवलं. घरी येऊन मी त्यांची नक्कल केली, मान खांद्यांत घालून. वन्संनी शांतपणे पाहिली. "मान अजून आत," म्हणाल्या. "हनुवट्या दोनच झाल्या. त्यांना तीन हायेत."

२० एप्रिल

ज्युबिली. हॉल भरलेला. अध्यक्ष म्हणून सहकारी सोसायटीचे चेअरमन पोपटराव आले होते, फेट्यासकट. एलियासाहेबांच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास.

पडदा पोपटरावांनी ओढला. टेबलक्लॉथ उत्तम आहे, हे मी स्वतःच म्हणते. कप थोडा वाकडा. मग एलियासाहेब पुढं होऊन म्हणाले, "हे मूळच्या चित्राप्रमाणं... म्हणजे, कुणासारखं तरी आहे." मागच्या बाकांवर बोर्डिंगच्या जुन्या मुली होत्या, आता पोराबाळांच्या झालेल्या. तिथून कुजबुज सुरू झाली आणि एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं, ह्या तर आपल्या मेट्रनबाई!" मग सगळा बाक उभा राहून बघायला लागला. एकीनं डोळे पुसले. एलियासाहेबांनी बगलेतलं गाठोडं हळूच बाकाखाली सरकवलं.

पोपटराव वन्संपाशी आले. त्या पहिल्या रांगेत, निळ्या काठाचं लुगडं नेसून, हात मांडीवर हलतोय, डोळे चित्रावर. तोंड जसंच्या तसं.

पोपटराव बुचकळ्यात पडले. मला म्हणाले, "मेट्रनबाईस्नी पसंत पडलं न्हाई जनू?"

एलियासाहेब घाईनं म्हणाले, "त्यांची प्रकृती जरा..."

"हसतायत त्या," मी म्हटलं.

पोपटरावांनी वाकून पुन्हा पाहिलं. भला माणूस, मनापासून शोधत होता. "व्हय?"

वन्संचे ओठ हलायला वेळ लागला. सगळे थांबले. मग एकेक अक्षर सोडवत त्या म्हणाल्या, "पोट धरून."

मला हसू आवरलं नाही. मंडळी बघत होती, पाळक बघत होते, पोपटराव एकदा माझ्याकडे आणि एकदा वन्संकडे बघत होते. मी वन्संचा हात धरला आणि तिथंच, पदर तोंडात न कोंबता, दोघींच्या वाटचं हसले.